सासूबाईंचा घास

माझ्या हाताला चव आहे असं आमच्या स्वयंपाकघरात आजवर कुणी म्हटलेलं नाही. म्हणणार तरी कोण? जखमी आणि अनाथ प्राण्यांचं केंद्र आहे आमचं, आणि मी तिथली स्वयंपाकीण. माझ्याकडे जेवायला घुबड, अजगर, कासवं, ससे, पंख मोडलेलं एक गिधाड आणि अधूनमधून येणारी कुणाकुणाची पिल्लं. एकाची रीत दुसऱ्याला पटणार नाही. घुबड उंदीर अख्खा गिळतं आणि पुढे कधीतरी त्याच्या हाडांची आणि केसांची नीट वळलेली गोळी तोंडावाटे माझ्यासमोर टाकतं, ताटातलं नावडतं बाजूला काढून ठेवावं तशी. अजगर एकदा जेवला की कित्येक दिवस माझ्याकडे ढुंकून बघत नाही. त्याचं जेवण तोंडाचं कमी आणि पोटाचं जास्त. गिधाडाच्या पोटातलं आम्ल इतकं जहाल की आपल्याला आडवं करील असलं सडकं मांस ते आरामात पचवतं. कासवाला कोबीचं एक पान संपवायला इतका वेळ लागतो की बघणाऱ्याचीच भूक मेली पाहिजे. या सगळ्यांची मर्जी सांभाळता सांभाळता माझे केस पांढरे झाले, पण तक्रार नाही. निदान मीठ कमी आहे असं कुणी म्हणत नाही.

माझी ताई इथे पहिल्यांदा आली ती माझ्याच आग्रहामुळे. ती मोठ्या हॉस्पिटलच्या ऑपरेशन थिएटरमध्ये नर्स होती. तिच्या थिएटरमधून गेलेल्या पेशंटची जखम चिघळली असं कधी झालं नाही. हे ती स्वतःहून सांगायची नाही, पण दुसरं कुणी सांगू लागलं तर अडवायचीही नाही. निवृत्त झाली आणि घरात एकटी पडली. मग घर घासायला लागली. भिंती घासल्या, खिडक्यांच्या कड्या घासल्या, माझा जावईसुद्धा तिच्या घरी जाताना नखं कापून जायचा. जेवण मात्र ओट्याशी उभ्याउभ्या, दोन घास. एकदा मी अचानक गेले तर फ्रिजमध्ये एक लिंबू आणि डोळ्यांत घालायचं औषध, बास. मी तिथेच तिच्यावर खेकसले आणि दुसऱ्या दिवशी तिला हाताला धरून केंद्रावर घेऊन आले.

पहिल्याच दिवशी मी तिला ससे दाखवले. चूक झाली. ससा आपलीच मऊ लेंडी परत खातो, कारण पाला एका फेरीत पुरता पचत नाही, असं मी तिला कौतुकानं सांगत होते. तिनं रुमाल नाकाला लावला.

"शी! आणि तू नुसती बघत बसतेस?"

"मग काय करू, चमचा देऊ?"

ती परत यायची नाही, अशी माझी खात्री झाली. पण त्याच आठवड्यात रस्त्याचं काम करणारी माणसं पोत्यात गुंडाळून हरणाचं पाडस घेऊन आली. आई ट्रकखाली गेली होती. पाडसाची नाळ चिघळली होती, अंग तापलं होतं, मान टाकलेली. आमचे डॉक्टर तरुण आहेत आणि खरं बोलतात. ते म्हणाले, "काकू, हिला पिंजऱ्यात ठेवून भागणार नाही, हिला हॉस्पिटल हवंय. आणि ते आपल्याकडे नाही." मी ताईला फोन लावला.

ती तासाभरात आली, स्वतःची पेटी घेऊन. मग जे झालं ते आमच्या केंद्रानं कधी पाहिलं नव्हतं. कोपऱ्यातला गोठा तिनं छतापासून जमिनीपर्यंत धुऊन काढला. आत जाताना टोपी, मास्क, गाऊन, हातमोजे. बाटली उकळलेली, निपल उकळलेलं, दूध उकळून निववलेलं. डॉक्टर इंजेक्शनं देत होते, ताई नाळ साफ करत होती. ते पाडस, जे संध्याकाळ बघेल की नाही याची शंका होती, ते हळूहळू मान उचलायला लागलं, मग उभं राहिलं, मग ताईच्या गाऊनची नाडी चोखायला लागलं. मादी होती. अंगावर पांढरे ठिपके, म्हणून आम्ही तिला ठिपकी म्हणू लागलो. मी ताईला चिडवायचे, "तिला वाटत असेल, जगातल्या सगळ्या आयांना अर्धाच चेहरा असतो." ताई मास्कच्या आत हसायची, मला डोळ्यांवरून कळायचं.

आणि ती जेवायला लागली. ठिपकीची बाटली झाली की माझ्या स्वयंपाकघरात येऊन बसायची, माझ्या डब्यातलं खायची, वर "भात जरा चिकट झालाय" असंही म्हणायची. मला इतका आनंद झाला की मी उलटून एक शब्द बोलले नाही. किती दिवसांनी माझ्या स्वयंपाकाला कुणीतरी नावं ठेवत होतं.

नाळ बरी झाली, ताप गेला, पण ताईची शिस्त गेली नाही. ठिपकी आता पाला हुंगायला लागली होती. ताई एकेक पान औषधाच्या पाण्यात बुडवून, पुसून तिच्यापुढे ठेवायची. लेंडी जमिनीला टेकते न टेकते तोच उचललेली असायची. शेजारच्या गोठ्यात एक म्हातारी शेळी राहते. एक दूधवाला म्हशी विकून गावाला गेला, तेव्हा हिला आमच्या दारात बांधून गेला. सगळ्यांच्या खाण्यात खोट काढते, कुणाशी पटत नाही, आणि तिला न विचारता काही केलं की शिंग मारते, म्हणून तिचं नाव सासूबाई. दोन गोठ्यांमध्ये फळ्यांची भिंत आहे आणि एका फळीत फट होती. ठिपकी दिवसभर त्या फटीपाशी. नाक आत घालायची, जीभ बाहेर काढायची, पलीकडून सासूबाईंचं तोंड मिळालं तर चाटायचा प्रयत्न करायची. ताईला ते दिसलं तेव्हा ती शहारली. तिनं त्या फटीवर प्लास्टिकचं जाड कापड ठोकून घेतलं. मी तिथेच होते. खिळे मीच हातात देत होते.

त्यानंतर ठिपकी बारीक व्हायला लागली.

आधी आम्हाला कळलंच नाही, कारण पोट तर मोठं दिसत होतं. ती पाला खायची, बाटली हपापल्यासारखी ओढायची, संपली की ओरडायची. तरी मांड्या वाळत चालल्या, पाठीचा कणा हाताला लागायला लागला. ताईनं दूध वाढवलं, पाला आणखी कोवळा आणला, पानं आणखी धुतली. एके सकाळी ठिपकी उभी राहिना. पोट नगाऱ्यासारखं टम्म आणि डोळे खोल गेलेले.

डॉक्टर गुडघ्यांवर बसले. तिच्या डाव्या कुशीवर स्टेथोस्कोप लावून त्यांनी बराच वेळ ऐकलं. मग तो कानांतून काढला.

"इथे गडगड ऐकू यायला हवी. ढग गडगडतात तशी, थोड्याथोड्या वेळानं. इथे तर सुट्टीच्या दिवसाची शाळा आहे."

"म्हणजे?" ताईनं विचारलं.

"सिस्टर, पाला हरीण पचवत नाही. हरणाला तो पचतच नाही. तिच्या पोटात एक मोठी पिशवी असते, त्यात कोट्यवधी जंतू राहतात, ते पाला कुजवतात, आंबवतात, आणि त्यांनी केलेलं हे खाते. दूध चालतं, कारण ते त्या पिशवीत न जाता परस्पर पुढे जातं. पण हे जंतू जन्मताना पोटात नसतात. आई चाटते तेव्हा येतात. आईचं तोंड चाटलं, तिच्या पुढ्यातला उष्टा पाला खाल्ला, मातीत तोंड घातलं, की मिळतात." त्यांनी गोठ्याकडे एकवार पाहिलं. फरशी चकाकत होती. "इथे ते यायचे कुठून?"

मला ती फट आठवली. ती पोर भुकेनं जे शोधत होती, ते आम्ही खिळे ठोकून बंद केलं होतं.

"म्हणजे हे मी केलं," ताई म्हणाली.

"अर्धं माझ्या इंजेक्शनांनी केलं. त्यांनी वाईटाबरोबर चांगलेही मारले. आणि ते मी केलं नसतं, तुम्ही ती नाळ तशी सांभाळली नसती, तर आज बोलायला ठिपकीच नसती. तेव्हा तेच बरोबर होतं. ते थांबवायची वेळ कधी आली हे मी तुम्हाला सांगायला हवं होतं, ते राहिलं."

पण ताई ऐकत नव्हती. ती बाहेर नळापाशी गेली आणि हात धुवायला लागली. कोपरापर्यंत, बोटांच्या मधून, नखांच्या कडेनं, जशी आयुष्यभर धूत आली तशी. पाणी वाहतंय, ही घासतेय. मी तिच्यामागे गेले. मला तिची दया येत होती आणि रागही येत होता, आणि माझं असं आहे की राग आधी बाहेर पडतो.

"रडायचं असेल तर रड ना. साबण कशाला संपवतेस?"

"अगं, मला दुसरं काही येतच नाही," ती म्हणाली. "सगळा जन्म मी एवढंच केलं. जंतू मारले. आणि आता त्यानंच ती मरतेय." तिचे हात लाल झाले होते. मी नळ बंद केला. माझा पदर पुढे केला आणि तिनं त्याला हात पुसले, जे तिनं एरवी कधीच केलं नसतं.

उपाय होता. डॉक्टरांनी सांगितला तेव्हा ताईचा चेहरा बघण्यासारखा झाला. धडधाकट रवंथ करणाऱ्या जनावराच्या पोटातलं थोडं काढायचं आणि ठिपकीच्या पोटात घालायचं. विरजण लावतात तसंच, पण दह्याऐवजी सासूबाई.

"गाळून घेऊ," ताई लगेच म्हणाली. "माझ्याकडे उकळलेली पट्टी आहे."

"गाळलंत तर जे हवंय त्यातलंच निम्मं पट्टीवर राहील. आणि गार करून, झाकून ठेवूनही चालणार नाही. हवा लागली की ते मरायला लागतात. तिथून काढायचं आणि लगेच इथे घालायचं, ऊन ऊन."

आधी डॉक्टरांनी नळी वापरली. सासूबाईंच्या घशातून पोटात नळी घालायची आणि ओढून घ्यायचं. सासूबाईंनी नळी दाढेखाली घेतली आणि तिचे दोन तुकडे केले. एक तुकडा आम्ही कसाबसा त्यांच्या तोंडातून ओढून काढला, त्यात डॉक्टरांच्या बोटाला जखम झाली. दुसरी नळी त्या घशाला फार जाड होती. मग राहिला जुना मार्ग. शेळी दुपारी खाली बसून रवंथ करते, पोटातला घास परत तोंडात आणते, चघळते, गिळते. तो घास तोंडात असताना काढून घ्यायचा.

ऐकायला सोपं आहे. डॉक्टर दबकत दबकत जवळ गेले. सासूबाई चघळत होत्या. डॉक्टरांनी हात पुढे केला, त्याच क्षणी सासूबाईंनी घास गिळून टाकला आणि त्यांच्याकडे बघत बसल्या, काय हवंय तुम्हाला असं म्हणत असल्यासारख्या. मी गेले, तेच. पुन्हा डॉक्टर गेले, तेच, वर एक शिंग. शेवटी सासूबाईंनी रवंथच बंद केला आणि आमच्याकडे पाठ करून उभ्या राहिल्या.

डॉक्टरांनी मला बाजूला घेतलं. "काकू, ठिपकीच्या अंगात आता फार दम नाही. उद्या दुपारपर्यंत जमलं तर ठीक. नाहीतर तिला असं तडफडत ठेवणं बरं नाही. मग मला शेवटचं इंजेक्शन द्यावं लागेल." ते हळू बोलत होते, पण ताईच्या कानांवर थिएटरमधले संस्कार आहेत. कुजबुजलेलंच तिला आधी ऐकू येतं.

ती आमच्यापाशी आली. डोळे कोरडे होते.

"तुम्ही घाई करता," ती डॉक्टरांना म्हणाली. "तुमचा हात आधी हलतो. नवीन सर्जनचं असंच होतं. मी बघत होते मघापासून. ती घास गिळते, मग जरा थांबते. तेव्हा ती काहीच करत नाही, नुसती बसते. मग मानेत खालून गोळा वर येतो. तो तोंडात पोचला की पहिल्या दोन-तीन चावण्यांत ती डोळे मिटते. तेव्हा घ्यायचं. तुम्ही तिचं चघळून झाल्यावर जाता."

डॉक्टर तिच्याकडे बघत राहिले. मीही. आम्ही शिंगं चुकवत होतो तेव्हा ही बाई शेळीची लय मोजत होती. सर्जनचा हात मागे वळायच्या आत त्यावर हवं ते अवजार ठेवायचं, हे तिनं इतकी वर्षं केलं होतं. जंतू मारण्याखेरीज तिला काही येत नाही म्हणे!

"मग तुम्ही घ्या, सिस्टर," डॉक्टर म्हणाले.

ताई सासूबाईंच्या गोठ्यात शिरली आणि सासूबाईंना शिंका सुटल्या. एकामागून एक. मग डोकं खाली घालून त्या अशा धावल्या की ताईला फळीला चिकटून उभं राहावं लागलं. डॉक्टर जरा चाचरत म्हणाले, "सिस्टर, तुमच्या हातांना औषधाचा वास येतो. तिला तो सहन होत नाही."

मी ताईकडे बघितलं नाही. काही वेळा माणसाकडे बघू नये. मला वाटलं आता ती निघून जाईल. ती खाली बसली. गोठ्यात, गवतात, सासूबाईंच्या लेंड्यांच्या बाजूला. तिनं मुठीत ओलसर गवत घेतलं आणि हातांवर चोळायला लागली. तळव्यांवर, बोटांच्या मधून, नखांच्या कडेनं, थेट कोपरापर्यंत. ओठ घट्ट मिटलेले. एकदा तिला उमासा आला, तो तिनं गिळला.

त्या दिवशी काहीच जमलं नाही. सासूबाई कोपऱ्यात उभ्या, ताई दुसऱ्या कोपऱ्यात बसलेली. संध्याकाळी तिला मी माझ्या घरी नेलं. तिनं साबणाला हात लावला नाही. जेवायला बसली तर स्वतःच्या हातांकडे बघत बसली, मग मी चमचा दिला. सकाळी नुसत्या पाण्यानं अंघोळ करून, कालचीच साडी नेसून, माझ्याआधी दारात उभी. अंगाला शेळीचा इतका वास येत होता की आमच्या शेजारणीनं खिडकी लावून घेतली.

केंद्रावर पोचल्यावर ती आधी ठिपकीकडे गेली. ठिपकी आडवी पडली होती. ताईचा आवाज ऐकून कान हलला, मान हलली नाही. ताईनं तिच्या कपाळावर हात ठेवला, उघडा हात, पहिल्यांदाच. मग उठून सासूबाईंकडे जाऊन बसली. आम्ही ठिपकीला उचलून त्याच गोठ्यात, ताईच्या हाताशी ठेवलं, म्हणजे घास निघाला तर वेळ जायला नको.

दुपार झाली. सासूबाईंनी ताईला हुंगलं. साडीचा काठ चावून बघितला, आवडला नाही, सोडून दिला. मग एक मोठा उसासा टाकून तिच्या शेजारीच बसल्या. डॉक्टर आणि मी दाराबाहेर, श्वास धरून. डॉक्टरांच्या खिशात ते इंजेक्शन होतं, हे मला माहीत होतं आणि मी त्या खिशाकडे बघायचं टाळत होते.

सासूबाईंच्या मानेत गोळा वर आला. चघळला, गिळला. ताई हलली नाही. पुन्हा एक. ताई नुसती बघत होती, हात मांडीवर सैल. मला ओरडावंसं वाटत होतं, घे ना गं बाई! तिसऱ्यांदा गोळा वर आला, सासूबाईंनी डोळे मिटले, आणि ताईचा हात कधी गेला ते मला दिसलंसुद्धा नाही. ओठांच्या कडेनं, जिथे दात नसतात त्या खाचेतून दोन बोटं आत आणि बाहेर. तिच्या हातात हिरवा, लाळेनं लडबडलेला, वाफाळता घास होता. सासूबाईंनी डोळे उघडले, रिकामं तोंड दोनदा हलवलं आणि त्यांच्या चेहऱ्यावर जो अपमान उमटला तो मी जन्मात विसरणार नाही.

ताईनं दुसऱ्या हातानं ठिपकीचा जबडा उघडला आणि तो घास तिच्या जिभेच्या पार मागे ठेवला. घसा चोळला. ठिपकीनं गिळलं.

"आणखी एक लागेल," डॉक्टर हळूच म्हणाले.

"मिळेल," ताई म्हणाली. तिनं आवाजही वर केला नाही, पण मला थिएटरमधली ताई दिसली, जिला मी कधीच पाहिलं नव्हतं. त्या दुपारी तिनं आणखी दोन घास चोरले. तिसऱ्या वेळी सासूबाईंनी तिला चावायचा प्रयत्न केला, पण मनापासून नाही.

ते इंजेक्शन त्या दिवशी खिशातच राहिलं. दुसऱ्या दिवशी ठिपकीचं पोट जरा नरम लागलं. पण ती अजून उठत नव्हती, आणि डॉक्टर "बघू" एवढंच म्हणत होते. ताईनं घास चोरणं चालू ठेवलं. मग एका सकाळी डॉक्टरांनी स्टेथोस्कोप लावला, ऐकलं, आणि तो काढून ताईच्या कानांत घातला. ताई ऐकत राहिली. मी विचारलं, "काय ऐकू येतंय?" ती म्हणाली, "गप्प बस गं, शाळा भरलीय."

त्यानंतर ठिपकी उभी राहिली. फळ्यांची भिंत आम्ही काढून टाकली, प्लास्टिकसकट. ठिपकी सासूबाईंच्या मागे मागे, त्यांनी टाकलेला पाला खात, मातीत नाक खुपसत, त्यांचं तोंड चाटत हिंडायला लागली. सासूबाई अधूनमधून ढुशी द्यायच्या, पण चाटू द्यायच्या. ताईनं टोपी, मास्क, गाऊन सगळं पेटीत भरून टाकलं, आणि साडीला गवत लागलेलं असलं तरी ती तशीच फिरायची. बाटली मात्र ती अजून देत होती. तेवढं तिचं होतं, आणि ठिपकी त्या बाटलीवर तुटून पडायची.

एका दुपारी मी कासवांचा कोबी चिरत होते, तेवढ्यात ताईची हाक आली. तशी हाक मी त्या महिन्यात ऐकली नव्हती. मी सुरी टाकून पळाले.

ठिपकी सासूबाईंना टेकून गवतात बसली होती. ताई तिच्यासमोर गुडघ्यांवर, हातात भरलेली बाटली. तिचा चेहरा पांढराफटक पडला होता.

"दूध नको म्हणतेय. हुंगलं आणि तोंड फिरवलं. सकाळी तर निपल तोडायला निघाली होती." तिनं पुन्हा निपल ठिपकीच्या ओठांना लावलं. ठिपकीनं मान वळवली. डोळे अर्धे मिटलेले. "जा, डॉक्टरांना बोलव. लवकर जा."

एवढं सगळं करून शेवटी हेच व्हायचं होतं का, असं मनात आलं. मी वळले, तोच ताई म्हणाली, "थांब."

ठिपकीच्या मानेत, खाली छातीपाशी, कातडीच्या आत काहीतरी हललं. सुपारीएवढा गोळा. तो मानेतून सरसर वर चढला आणि गालात जाऊन बसला. ठिपकीचा खालचा जबडा एका बाजूला सरकला, मग दुसऱ्या बाजूला. तिला ते नीट जमत नव्हतं, थोडा हिरवा रस ओठांतून गळला. पण ती चघळत होती. शेजारी सासूबाईही चघळत होत्या, आणि दोघींच्या चेहऱ्यांवर तोच भाव होता, आता आमच्याशी कुणी बोलू नका.

ताई मागे सरून गवतात बसली. बाटली तिच्या मांडीवर आडवी झाली.

"तिला भूक नाहीये गं," ती म्हणाली. "तिचं पोट भरलंय. तिनं तिचं तिनं भरलंय."

आणि मग ती रडायला लागली, हसत हसत, खांदे हलवत, इतक्या मोठ्यानं की डॉक्टर हातातलं काम टाकून धावत आले. ताईनं त्यांचा हात धरून त्यांनाही तेच सांगितलं, हिला भूक नाही. झाडूवाला आला, त्याला सांगितलं. पाला घेऊन येणाऱ्या टेम्पोवाल्याला फाटकातच अडवून सांगितलं, तो बिचारा आधी घाबरला. तिचा आनंद एका जागी मावतच नव्हता. संध्याकाळी मी सगळ्यांची भांडी गोळा करत होते तेव्हा ती पलीकडच्या जाळीपाशी उभी राहून कुणाशी तरी बोलताना दिसली. जवळ जाऊन ऐकलं तर गिधाडाला सांगत होती.